बेटावरचें काळें पांखरूं

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटापासून पूर्वेस सुमारें 800 किलोमीटरवर चॅटम नांवाचा एक लहानसा द्वीपसमूह आहे. नकाशांत तो शोधावयाचा म्हणजे भिंगच हातीं घ्यावें लागतें. 1791 सालीं ब्राऊटन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याचें 'चॅटम' हें जहाज येथें लागलें आणि जहाजाचें नांव बेटांना चिकटलें. त्यापूर्वीं कित्येक शतकें मोरिओरी लोक येथें राहत होते आणि आपल्या भूमीस रेकोहू म्हणत होते. आज मनुष्यवस्ती आहे ती चॅटम व पिट या दोन बेटांवर. बाकीचीं बेटें म्हणजे समुद्रांतून वर आलेले उंच कडे, कांहीं खडक आणि क्वचित् त्यांच्या माथ्यावर राहिलेला जंगलाचा तुकडा. अशाच एका तुकड्यानें पक्ष्याची एक संपूर्ण जात कित्येक वर्षें आपल्या सांवलींत सांभाळून ठेविली होती. ती जात म्हणजे चॅटमचा काळा रॉबिन.

या बेटांवर पश्चिमेच्या वाऱ्याचें राज्य असतें. कोंकणच्या किनाऱ्यावर आषाढांत जो वारा सुटतो त्याची ज्यांना आठवण असेल त्यांनीं त्यांतील ऊब काढून टाकावी, म्हणजे चॅटमच्या वाऱ्याची थोडीशी कल्पना येईल. समुद्राचें खारट पाणी उडून पार आंतपर्यंत येतें. जंगलाच्या कडेचीं झाडें या माऱ्यानें वांकडीं, ठेंगू आणि एकमेकांत गुंतलेलीं अशीं वाढतात. परंतु त्या गुंत्याच्या भिंतीआड दहा पावलें गेलें कीं वारा थांबतो. ओल्या पालापाचोळ्याचा वास येतो, उजेड मंद होतो, आणि त्या मंद उजेडांत जमिनीवर कांहींतरी काळें हललेलें दिसतें. काळ्या रॉबिनचें घर तें हेंच.

पक्षी चिमणीएवढा, चोंचीपासून शेपटीपर्यंत सुमारें 15 सेंटिमीटर. वजन दोन तोळ्यांच्या आसपास. अंगावर काळ्या रंगाखेरीज दुसरा रंग नाहीं. चोंच काळी, डोळे काळसर, पाय काळपट. फक्त तळपायाला पिवळट झांक. नर आणि मादी दिसावयास सारखींच. इंग्रज लोक जेथें जेथें गेले तेथें तेथें आपल्या परसांतील रॉबिनची आठवण बरोबर घेऊन गेले आणि दिसेल त्या लहान, धीट पांखराला तें नांव देत सुटले. आपल्याकडील दयाळ आणि चिरक यांनाहि त्यांनीं रॉबिनच्याच गोतांत बसविलें आहे. वास्तविक चॅटमच्या पक्ष्याचें विलायती रॉबिनशीं नातें नाहीं आणि दयाळाशींहि नाहीं; तो ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडील एका निराळ्याच कुळांतला आहे. 1872 सालीं वॉल्टर बुलर या पक्षिशास्त्रज्ञानें त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें आणि हेन्री ट्रॅव्हर्स या संग्राहकाचें नांव त्याला दिलें. गंमत अशी कीं, ज्या 'अकेअके' नांवाच्या झाडाच्या सांवलींत हा पक्षी राहतो त्याच्याहि शास्त्रीय नांवांत ट्रॅव्हर्स कुटुंबच आहे.

याचें सारें चरित्र जमिनीजवळ घडतें. खालच्या एखाद्या फांदीवर तो स्वस्थ बसतो, मान किंचित् तिरपी करून पाचोळ्याकडे पाहतो, आणि एकदम खालीं उतरून झुरळ, अळी, किडा किंवा गांडूळ उचलून पुन्हां फांदीवर येतो. पाचोळा जितका ओला व जाड तितकें त्याचें पोट भरलेलें. लांबवर उडण्याचें त्याला वावडें आहे. उघड्यावर यावयास तो नाखूष असतो; एका झाडावरून दुसऱ्या झाडावर, एका सांवलींतून दुसऱ्या सांवलींत, असाच त्याचा प्रवास. समुद्राची एखादी अरुंद पट्टीहि त्याला कोटाच्या खंदकासारखी वाटते. ही संवय वाऱ्याच्या देशांत शहाणपणाची खरी, कारण उघड्यावर उडणारें दीड छटाकाचेंहि नसलेलें पांखरूं वाऱ्यानें समुद्रांत नेऊन टाकावयास कितीसा वेळ? पण पुढें याच संवयीनें त्याला कोंडून टाकिलें.

नर गातो तें थोडक्या, स्वच्छ स्वरांचें गाणें; पांचसात स्वर आणि मग शांतता. त्या गाण्यानें तो आपल्या हद्दीची ग्वाही देतो. एका जोडीची हद्द ठरलेली असते आणि जोडी सहसा मोडत नाहीं. वसंत ऋतु तिकडे आपल्या आश्विन-कार्तिकांत येतो. त्या वेळीं मादी झाडाच्या ढोलींत, तुटक्या बुंध्याच्या पोकळींत किंवा वेलींच्या गुंत्यांत घरटें बांधते. अंडीं बहुधा दोन. उबवण्याचें काम तिचें एकटीचें. तो तिला भरवितो. सुमारें अठरा दिवसांनीं पिलें बाहेर येतात, तीनसाडेतीन आठवड्यांनीं घरटें सोडतात आणि त्यानंतरहि कित्येक आठवडे आईबापांच्या मागें तोंड उघडून हिंडतात. वर्षाला फार तर दोन पिलें, हा या जातीचा हिशेब. मांजर किंवा उंदीर ज्या भूमीवर कधींच नव्हता तेथें हा हिशेब पुरत होता.

माणसांबरोबर मांजरें आलीं, उंदीर आले, मेंढरें आलीं. मेंढरांना कुरण हवें म्हणून जंगलें जाळलीं आणि तोडलीं गेलीं. मोठ्या बेटांवरून काळा रॉबिन एकोणिसाव्या शतकांतच नाहींसा झाला. मांगेरे हें 113 हेक्टरांचें बेट त्याचें एक जुनें ठिकाण. तेथें आधीं ससे आणले, मग ससे माजले म्हणून मांजरें आणलीं. मांजरांनीं सशांबरोबर पक्ष्यांचाहि निकाल लाविला. अशा उपायांचे दाखले जगाच्या इतिहासांत इतके आहेत कीं त्यांची आतां कोणी नवलाई मानीत नाहीं.

विसावें शतक उजाडलें तेव्हां हा पक्षी फक्त एका ठिकाणीं शिल्लक होता. मांगेरेच्या शेजारीं अरुंद खाडीपलीकडे 'लिटल मांगेरे' म्हणजे धाकटें मांगेरे नांवाचा सुळका आहे. त्याचे कडे इतके उभे कीं मेंढरूं तेथें चढविणें शक्य नाहीं आणि मांजराला घेऊन जाणारा कोणी निघाला नाहीं. माथ्यावर थोडेंसें जंगल. 1938 सालीं चार्ल्स फ्लेमिंग हे तरुण निसर्गशास्त्रज्ञ सोबत्यांसह त्या कड्यावर चढून गेले, तेव्हां नष्ट झालेला समजला जाणारा हा पक्षी तेथें जिवंत असल्याचें जगाला कळलें. खाडीच्या पैलतीरावर मोठें मांगेरे डोळ्यांसमोर दिसत होतें. कालांतरानें तेथील मांजरेंहि मरून गेलीं. तरी एकाहि रॉबिननें ती खाडी ओलांडून पुन्हां वस्ती केली नाहीं. ओलांडली असती तरी उतरावयास सांवली नव्हती.

धाकट्या मांगेरेचें तें जंगलहि पुढें खालावत चाललें. कड उघडी पडली कीं वारा आंत शिरतो, झाडें वाळतात, पाचोळा सुकतो, आणि सुकलेल्या पाचोळ्यांत किडा राहत नाहीं. 1976 सालीं मोजदाद झाली तेव्हां जगांत एकूण सात काळे रॉबिन उरले होते, आणि त्यांत माद्या दोनच.

न्यूझीलंडच्या वन्यजीव खात्यांत त्या वेळीं डॉन मर्टन नांवाचे अधिकारी होते. या सात पक्ष्यांना धरून त्या मरत्या जंगलांतून बाहेर काढण्याचा निर्णय झाला. निर्णय कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षांत पक्षी धरावयाचे, लहान पेटींत घालावयाचे, ती पेटी पाठीवर बांधून दोरांच्या आधारानें उभा कडा उतरावयाचा आणि खवळलेल्या समुद्रांत डोलणाऱ्या होडींत पाय ठेवावयाचा. एकाचा पाय घसरला असता तर एका जातीचा सातवा हिस्सा समुद्रांत गेला असता. 1976 आणि 1977 या दोन वर्षांत सातहि पक्षी मांगेरेवर सुखरूप पोंचले. तेथील मेंढरें 1968 सालींच काढलीं होतीं आणि अकेअकेचीं रोपें लावण्याचें काम चालू होतें. एकूण सुमारें 1,20,000 झाडें तेथें लावण्यांत आलीं. परंतु रोपाचें जंगल होण्यास वर्षें लागतात आणि पक्ष्याचें आयुष्य सामान्यतः चारपांच वर्षांचें. 1980 सालीं सातांचे पांच झाले.

या पांचांपैकीं अंडीं घालून पिलें वाढवील अशी मादी एकच होती. ओळखीसाठीं तिच्या पायांत निळें कडें घातलेलें होतें, म्हणून तिला 'ओल्ड ब्लू', म्हणजे म्हातारी निळी, असें नांव पडलें. तिचा जन्म 1970 चा. ज्या वयांत या जातीचे बहुतेक पक्षी जिवंतहि नसतात त्या वयांत तिनें मांगेरेवर नवा जोडीदार धरिला. त्याच्या पायांत पिवळें कडें, म्हणून तो 'ओल्ड यलो'. वर्षाला दोन अंडीं या गतीनें ही म्हातारी आपली जात वांचविणार नाहीं हें उघड होतें.

येथें मर्टन यांना एक जुनी गोष्ट उपयोगी पडली. लहानपणीं त्यांनीं आपल्या आजीच्या कॅनरी पक्षिणीला गोल्डफिंच नांवाच्या रानपांखराचीं पिलें सांभाळतांना पाहिलें होतें. कोकिळा आपलें अंडें कावळ्याच्या घरट्यांत घालून मोकळी होते आणि कावळी तें बिनतक्रार उबविते, हें आपल्याकडे शेंबड्या पोरालाहि ठाऊक आहे. मर्टन यांनीं ठरविलें कीं काळ्या रॉबिनला कोकिळा बनवावयाचें. अंडें पोंचवण्याचें काम मात्र माणसानें करावयाचें. पक्ष्याचीं अंडीं हंगामाच्या आरंभीं नाहींशीं झालीं तर मादी बहुधा पुन्हां घालते. तेव्हां पहिलीं अंडीं काढून दुसऱ्याच्या घरट्यांत ठेवलीं तर एकाच हंगामांत दुप्पट अंडीं मिळावीं, असा हा हिशेब.

दाई म्हणून प्रथम चॅटमच्या वटवट्याची निवड झाली. तो लहान, त्यानें अंडीं उबविलीं, पिलेंहि काढलीं, पण आठदहा दिवसांनंतर वाढत्या पिलांचें पोट त्याच्यानें भरेना. मग टॉमटिट नांवाच्या पक्ष्याकडे पाळी गेली. हा काळ्या रॉबिनचा सख्खा भाऊबंद, नराची छाती पिवळी. पण टॉमटिट होते पिट बेटाच्या पलीकडील रांगातिरा बेटावर. म्हणून मांगेरेवरचीं अंडीं उबदार पेटींत ठेवून, होडींतून, त्या समुद्रावरून नेण्यांत आलीं. बोराएवढ्या अंड्यासाठीं माणसें अशा समुद्रांत होडी घालतात, याहून त्या वेळच्या चिंतेची दुसरी खूण सांगावयास नको.

टॉमटिटनें पिलें उत्तम वाढविलीं. किंबहुना अधिक उत्तम वाढविलीं, कारण त्यांतील कांहीं पिलें मोठीं झालीं तीं आपण टॉमटिटच आहों अशा समजुतीनें. गाणें टॉमटिटचें, आणि जोडीदार पाहावयाचा तोहि टॉमटिटच. कोकिळेचें पिलूं कावळ्याच्या घरांत वाढूनहि वेळ येतांच कुहू करितें. तें ज्ञान त्याच्या रक्तांत युगानुयुगें मुरलेलें असतें. रॉबिनला ही युक्ति काल-परवां शिकविलेली. त्याच्या रक्तांत तिची तयारी कोठली? मग उपाय असा निघाला कीं पिलें टॉमटिटकडे वाढवावयाचीं, पण घरटें सोडण्याच्या आधीं त्यांना पुन्हां एखाद्या रॉबिन जोडप्याच्या हवालीं करावयाचें, म्हणजे तीं आपली भाषा आपल्या लोकांत शिकतात. यानंतर गाडी चालूं लागली.

म्हातारी निळी 1983 च्या डिसेंबरांत शेवटची दिसली. तिचें वय तेव्हां तेरा वर्षांचें होतें. आज जगांत जितके काळे रॉबिन आहेत ते सारे तिचे आणि म्हाताऱ्या पिवळ्याचे वंशज आहेत. पांचांपैकीं बाकीच्यांचा वंश उरलेला नाहीं.

या कथेला येथें थांबविणें सोयीचें झालें असतें. पुष्कळ ठिकाणीं ती येथेंच थांबवितात. पण 1984 सालीं एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत आली. एका मादीनें अंडें घरट्याच्या खोलगट भागांत न घालतां कांठावर घातलें होतें. कांठावरचें अंडें उबत नाहीं. तें तेथेंच थंड पडतें किंवा खालीं पडून फुटतें. त्या वेळीं एकेक अंडें मोलाचें, म्हणून पाहणी करणाऱ्यांनीं तें बोटानें हळूच आंत सारिलें. पुढच्या हंगामांतहि तसेंच केलें. अंडें उबलें, पिलूं निघालें, वाढलें. त्या पिलाला आईकडून काळा रंग मिळाला, काळे डोळे मिळाले, आणि कांठावर अंडें घालण्याची खोडहि मिळाली. 1989 पर्यंत निम्म्याहून अधिक माद्या अंडीं कांठावर घालूं लागल्या होत्या.

म्हणजे माणसाचें बोट हें जातीच्या घडणीचाच एक भाग होऊन बसलें. आणखी कांहीं वर्षें तें तसेंच चाललें असतें तर प्रत्येक घरट्यापाशीं एक माणूस उभा केल्याशिवाय हा पक्षी जगला नसता. सुदैवानें 1989 च्या सुमारास संख्या शंभराच्या वर गेली आणि हातानें सांभाळण्याचें काम थांबविण्यांत आलें. अंडीं कांठावर असतील तर कांठावरच राहूं लागलीं आणि वाया जाऊं लागलीं. निसर्गानें आपलें निवडीचें काम पुन्हां हातीं घेतलें. 2013 सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, ज्याच्या लेखकांत स्वतः मर्टन यांचेंहि नांव आहे, असें दाखविलेलें आहे कीं ही खोड पुढें कमी होत होत शेंकडा 9 माद्यांवर आली. मर्टन हे 2011 सालीं निधन पावले होते.

कांहीं टीकाकार या प्रकरणांत माणसाची चूक पाहतात. ती दृष्टि फार दुरून पाहणाराची आहे. ज्याच्यापुढें मूठभर पक्षी आहेत आणि कांठावर एक अंडें आहे, त्यानें बोट पुढें करूं नये असें सांगणें कठीण. उलट, बोट केव्हां मागें घ्यावें हें ओळखणें अधिक अवघड होतें, आणि तें वेळेवर ओळखलें गेलें.

दुसरी शंका रक्ताची. एकाच जोडप्यापासून झालेली ही सारी प्रजा. बहीण-भावंडांच्या, आजी-नातवांच्या नात्यांत जोड्या जुळलेल्या. डीएनए तपासला तेव्हां हे पक्षी एकमेकांसारखे इतके निघाले कीं व्यक्ति-व्यक्तींतील भेद शोधणें मुष्किलीचें झालें. तरीहि ही जात जगत आली आहे. कड्यावरच्या त्या चिमुकल्या जंगलांत कित्येक पिढ्या कोंडून राहिल्यामुळें घातक दोष आधींच गळून गेले असावेत, असा एक तर्क आहे. पण सर्व पक्षी एकाच घडणीचे असल्यामुळें एखादा नवा रोग आला तर तो एकाला मारील तसाच दुसऱ्यालाहि मारील, ही भीति खरी आहे.

अलीकडील मोजणींत हे पक्षी सुमारें अडीचशें ते तीनशें भरले आहेत. त्यांतले बहुतेक रांगातिरावर, थोडे मांगेरेवर. या दोन बेटांखेरीज जगांत त्यांना दुसरा टिकाऊ ठाव नाहीं. पिट बेटावर कुंपण घालून राखलेल्या जंगलांत 2002 नंतर कांहीं पक्षी सोडून पाहिले, ते टिकले नाहींत. रांगातिरा 219 हेक्टरांचें. तेथील मेंढरें 1961 सालीं काढलीं, जंगल आपलें आपण परत आलें. त्या जंगलाची जमीन समुद्रपक्ष्यांच्या बिळांनीं चाळणीसारखी झालेली आहे; पेट्रेल जातीचे हजारों पक्षी रात्रीं समुद्रावरून येऊन त्या बिळांत शिरतात. त्यांच्या विष्ठेनें माती कसदार होते, कसदार मातींत किडा माजतो, आणि किड्यावर रॉबिन जगतो. माणसाचें पाऊल पडलें तर बीळ ढासळून आंतलें पिलूं गाडलें जाईल. म्हणून रॉबिनची मोजणी करावयास जाणारीं माणसें पायांना रुंद लाकडी फळ्या बांधून, बदकासारखीं डुलत, त्या जंगलांत हिंडतात. मध्येंच थांबून पाचोळ्यांत किड्यांचें आमिष टाकतात, आणि खालच्या फांदीवरून तो काळा पक्षी, मान तिरपी करून, त्यांच्या पायांपाशीं उतरतो. माणसाचें भय त्याला अजूनहि शिकतां आलेलें नाहीं.